पगार किती हे नंतर, आधी तो कुठल्या खात्यातून येतो ते विचारा

एका मुलीचं पत्र आलंय, प्रश्न थोडक्यात असा: मुलगी डिचोलीची, वय २७. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी, मग साडेचार वर्षं हिंजवडीत बॅकएंडचं काम. हातात ७४ हजार येतात. पर्वरीतल्या एका सामाजिक संस्थेने ‘आयटी ऑफिसर’ म्हणून ४२ हजारांवर बोलावलंय. जावं का? घरी आई एकटी. मामा म्हणतात, ‘कॉम्प्युटर इंजिनिअर होऊन एनजीओत प्रिंटर दुरुस्त करणार?’ आणि तिला स्वतःला धाकधूक आहे ती वेगळीच, की एकदा कंपनी सोडली तर पुन्हा कोणी उभं करील का.

आधी मामांचं. ते अगदीच चुकीचं बोलत नाहीत. मी आठ वर्षं बेंगळुरूत काढून गोव्यात परतलो आणि एका संस्थेत रुजू झालो, तेव्हा पहिल्या आठवड्यात मी केलेलं सगळ्यांत तांत्रिक काम म्हणजे प्रिंटरच्या रोलरला चिकटलेलं लेबल चिमट्याने सोडवणं. दुसऱ्या आठवड्यात टॅली उघडेना म्हणून हिशेब बघणाऱ्या बाई मला शोधत आल्या. सर्व्हर कुठे आहे विचारलं, तर त्यांनी स्वतःच्या टेबलाखाली बोट दाखवलं. जुना सीपीयू, आणि कौलातून पाणी गळतं म्हणून त्यावर प्लॅस्टिकची पिशवी. बॅकअप एका पेनड्राइव्हमध्ये, आणि तो पेनड्राइव्ह बाईंच्या पर्समध्ये, घरच्या किल्ल्यांच्या जुडग्याला. वेबसाइटचं डोमेन ज्याच्या ईमेलवर नोंदवलेलं, तो मुलगा कधीकाळी तिथे स्वयंसेवक होता. तोवर पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात स्विंडनला पोचलेला. त्याचा नंबर मिळवायला मला त्याच्या गावच्या पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, गाठावं लागलं.

मला अशी सुरुवात आवडली, कारण आठ वर्षांत पहिल्यांदाच मी काही दुरुस्त केल्यावर ते कोणाला तरी दिसत होतं. तुम्हाला आवडेल की नाही हे मी इथे बसून सांगू शकत नाही. बारा वर्षांत अशा नोकरीचा सल्ला मागायला बरेच जण आले आणि सगळ्यांनी दोन गोष्टी तराजूत टाकल्या होत्या: एकीकडे पगार, दुसरीकडे समाधान. माझ्या मते हा तराजूच चुकीचा. मी आधी एकच विचारतो. तुमचा पगार संस्थेच्या कुठल्या खात्यातून निघणार आहे?

कंपनीत पैसा एका हौदात पडतो आणि त्यातून सगळ्यांना मिळतो. संस्थेत येणारा बहुतेक पैसा आपलं काम ठरवूनच आलेला असतो. हा मुलांच्या पोषणाचा, हा शाळेच्या वाचनालयाचा, हा पुढच्या मार्चपर्यंतच खर्चायचा. संचालकांनी मनात आणलं तरी वाचनालयाच्या पैशातून तुमचा लॅपटॉप घेता येत नाही. घेतलाच तर ऑडिटर विचारतो, आणि ऑडिटरने नाही विचारलं तर देणारा विचारतो. म्हणून तुमचा पगार कुठे लिहिलाय यावर नोकरी किती टिकेल, पगार कधी वाढेल आणि बैठकीत तुमचं कोण ऐकेल हे सगळं ठरतं.

परदेशी पैशाचं बघा. तो एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचं नियमन करणाऱ्या कायद्याखाली येतो. कायदा २०१० चा, पण सप्टेंबर २०२० मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि त्या एका दुरुस्तीने देशभरातल्या संस्थांच्या हिशेबवहीची घडी बदलली. आधी परदेशी निधीतला ५० टक्क्यांपर्यंत भाग प्रशासकीय खर्चाला चालायचा, तो २० टक्क्यांवर आला. मोठ्या संस्थेने घेतलेला परदेशी पैसा पुढे लहान संस्थेला द्यायची सोय बंद झाली. सगळा परदेशी पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्याच खात्यात घ्यायचा असं ठरलं. नोंदणी पाच वर्षांची, नंतर नूतनीकरण. आता विचार करा, त्या २० टक्क्यांत कोण कोण बसतं? संचालक, हिशेबनीस, भाडं, वीज, फोन. आणि कोपऱ्यात बसलेला आयटीवाला. चार खुर्च्यांवर सातजण बसवायची वेळ आली की कोणाला उठवणार हे सांगायला नको.

माझ्यावर ती वेळ आली होती. लॉकडाउनचे दिवस, बैठक झूमवर, संचालकबाई म्हणाल्या, ‘तुझं पद आता आम्हाला परवडत नाही, पण तुझ्याशिवाय हे झूमही चालणार नाही.’ दोन दिवस आम्ही नियम उघडून बसलो. त्यात असं आहे की मुख्यतः संशोधन किंवा प्रशिक्षण करणाऱ्या संस्थेत, प्रशिक्षण देणाऱ्या किंवा क्षेत्रातली माहिती गोळा करून तिचं विश्लेषण करणाऱ्या माणसांचा पगार प्रशासकीय खर्चात धरत नाहीत. आमची संस्था प्रशिक्षणाची. मी तोवर निम्मा वेळ सर्वेक्षणाची माहिती साफ करण्यात आणि सेविकांना ॲप शिकवण्यात घालवतच होतो, फक्त कागदावर ते कुठे नव्हतं. ते कागदावर आणलं, दर आठवड्याचा वेळेचा तक्ता भरायला लागलो आणि नोकरी राहिली. ही पळवाट मी कोणाला शिकवत नाहीये. खोटा तक्ता भरला तर तो संस्थेच्या नोंदणीवर येतो. पण जे काम तुम्ही खरंच करणार आहात ते नेमणूकपत्रात लिहिलेलं असणं किती महत्त्वाचं, हे मला तेव्हा कळलं.

सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्याला द्यायच्या पैशाचं, गणित निराळं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे, ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चायचे असतात. एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. एखादा प्रकल्प अनेक वर्षांचा म्हणून मंजूर झाला तरी सुरू झालेलं वर्ष आणि पुढची तीन, एवढीच त्याची कमाल मुदत. म्हणजे सीएसआरवर उभं असलेलं पद फार तर चार आर्थिक वर्षांचं. पुढे मिळाली ग्रँट तर मिळाली.

आणि गोव्यात कंपनीच आजारी पडली तर काय होतं ते आपण डिचोली-सत्तरीच्या लोकांनी दोनदा पाहिलंय. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. ट्रकवाल्यांचं काय झालं ते पेपरात आलं. खाणीच्या पैशावर चालणारे शिवणवर्ग, संगणकवर्ग, फिरते दवाखाने यांचं काय झालं ते फारसं कोणी लिहिलं नाही. माझ्या ओळखीचा एक मुलगा अशाच एका संगणकवर्गात शिकवायचा. वर्ग बंद झाला तेव्हा त्याला तीन महिन्यांच्या पगाराऐवजी दोन मॉनिटर मिळाले.

सरकारी अनुदानाबद्दल एवढंच सांगतो की ते येतं, पण एप्रिल ते जून पगाराची वाट बघायची तयारी ठेवावी लागते. शेवटी उरतो संस्थेचा स्वतःचा पैसा, म्हणजे लोकांच्या देणग्या, कायम निधीचं व्याज, स्वतःच्या उत्पादनांची विक्री. यावर ज्याचा पगार आहे त्याची झोप शांत. अशी पदं फार थोडी असतात आणि ती सहसा संस्थेच्या जुन्या माणसांकडे असतात.

तेव्हा मुलाखतीत संकोच न करता विचारा: ‘हे पद कुठल्या ग्रँटमधून आहे, ती कधी संपते, आणि संपल्यावर पद राहतं का?’ चांगला संचालक दोन मिनिटांत सरळ उत्तर देतो, कारण त्याने ते गणित शंभरदा केलेलं असतं. ‘अगं, आपण सगळे इथे एका कुटुंबासारखे आहोत’ असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघा. सोबत मागच्या दोन वर्षांचे वार्षिक अहवाल आणि ताळेबंद मागा. कुठल्याही बंधनाशिवायचा निधी किती आहे ते बघा, महिन्याच्या खर्चाने भागा. सहा महिने किंवा वर आलं तर संस्था एखादी ग्रँट हुकली तरी तग धरेल. दोनच महिने आले तर तुमच्यासकट सगळे दोरीवर चालताहेत.

अजून एक मागणी करता येते, ती नव्या लोकांना सुचत नाही. तुमचं पद एकाच ग्रँटवर न ठेवता दोन-तीन प्रकल्पांत वाटून घ्या. पोषणाच्या प्रकल्पात ४० टक्के, शिक्षणाच्या ४० आणि उरलेले २० सामान्य खर्चात. देणाऱ्यांना याची सवय असते. तीनही ठिकाणी तुमचं काम खरोखर असलं आणि वेळेची नोंद ठेवली की ते मान्य करतात. मग एक ग्रँट संपली तरी पद कोसळत नाही. हे रुजू होण्याआधी मागायचं. नंतर मागितलं तर बजेट मंजूर होऊन गेलेलं असतं आणि पुढचं वर्ष उजाडावं लागतं.

नेमणुकीचा कागद नीट वाचा. पर्वरी, पणजी, मडगाव, कुठेही बघा, ‘कन्सल्टंट’ या शब्दाखाली पूर्णवेळ माणसं राबवायची पद्धत आहे. सकाळी नऊला हजेरी, रजेचा अर्ज, वर साहेब, आणि कागदावर मात्र कन्सल्टंट. म्हणजे पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, महिनाअखेर बिल द्यायचं आणि टीडीएस कापून पैसे घ्यायचे. तुम्हाला देऊ केलेले ४२ हजार अशा प्रकारचे असतील तर ते ४२ नाहीत. संस्थेत २० किंवा जास्त माणसं असतील तर पीएफ लागू होतो, ‘धर्मादाय आहोत’ म्हणून सुटका नाही. ग्रॅच्युइटी १० माणसांपासून आणि पाच वर्षांनंतर. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संहितेप्रमाणे मुदतीच्या करारावरच्या कर्मचाऱ्याला वर्षभराच्या सेवेनंतरही तिचा हक्क आहे. संस्थेतल्या नोकऱ्या बहुतेक मुदतीच्याच असल्याने हा बदल तुमच्या कामाचा. कित्येक हिशेबनिसांपर्यंत तो अजून पोचलेला नाही, तेव्हा तुम्हीच हळूच विषय काढा.

आता पैसे. वरवर फरक ३२ हजारांचा. तुम्ही लिहिलेले आकडे घेतो: पुण्यात खोलीचे १२, मेसचे ६, येण्याजाण्याचे आणि शनिवार-रविवारचे ४, घरी ये-जा करण्याचे सरासरी ४. हे २६ वाचतात. डिचोली-पर्वरी स्कूटरचं पेट्रोल आणि घरातला हातभार मिळून ६ वाढतात. खरा फरक उरला महिन्याला १२ हजार. कराच्या बाबतीत दोन्हीकडे सारखंच, नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर तसाही कर बसत नाही. बारा हजारांत आई डोळ्यासमोर असते आणि पावसात गळणाऱ्या घराला माणूस असतो. हा सौदा मला महाग वाटत नाही.

पण हा हिशेब पहिल्या महिन्याचा. पुण्यात वर्षाला ९ टक्के वाढ धरली आणि इथे ५, तर पाच वर्षांनी तिकडे १ लाख १४ हजारांच्या आसपास आणि इकडे साडेत्रेपन्न. फरक साठ हजारांवर गेला, आणि तोवर तुमच्या घरी लग्न, कर्ज, आईचं दुखणंखुपणं असं काही ना काही आलेलं असेल. कंपनीच्या विम्यात आईचं नाव असेल तर तेही जाईल. गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य योजनेचं कार्ड आहे, तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचं संरक्षण मिळतं, बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ, आहे. तरी संस्थेला कर्मचाऱ्यांच्या विम्याबद्दल विचाराच. या क्षेत्रात वाढ दरवर्षी येत नाही, नवी ग्रँट आली की येते. म्हणून मी म्हणतो, पाच वर्षांचा विचार करून जाऊ नका. ग्रँटएवढ्या मुदतीचा करा. तीन वर्षं, मग पुन्हा हिशेब.

काम कसं असतं ते कोणी सांगत नाही, म्हणून तेच जरा सविस्तर सांगतो.

गोव्यात केरी नावाची गावं तीन. एक सत्तरीत, एक पेडण्यात, एक फोंड्यात. आमच्या एका सर्वेक्षणात गावाच्या रकान्यात लोकांनी नुसतं ‘केरी’ भरलं आणि मुंबईहून आलेल्या तयार सॉफ्टवेअरने तिन्हींची बेरीज करून टाकली. अहवालात एक असं गाव तयार झालं ज्याला समुद्रकिनाराही होता, अंजुणे धरणही होतं आणि पिनकोड फोंड्याचा होता. देणाऱ्यांना ते कळलं नाही. कळलं वाळपईच्या एका पर्यवेक्षिकेला. ती म्हणाली, ‘आमच्या केरीत इतकी बाळं एका वर्षात जन्मली असती तर मला बारशाची निमंत्रणं आली असती की!’

नावांची तर वेगळीच मजा. एकच बाई रेशनकार्डावर ‘के’ने लिहिलेली गावकर, सासऱ्याच्या जुन्या दस्तात पोर्तुगीज वळणाची, ‘सी’ने लिहिलेली, आणि बँकेत मधलं एक अक्षर गाळलेली. कंपनीत तुम्ही याला ‘डुप्लिकेट रेकॉर्ड’ म्हणून एका ओळीचा नियम लिहून मोकळ्या झाला असता. इथे तो नियम चुकला तर एका बाईचा हप्ता दुसरीच्या खात्यात जातो, आणि दोघी एकाच वाड्यावर राहतात. मी आडनावांच्या लेखनभेदांचा तक्ता बनवायला घेतला तो दोनशे ओळींवर गेला. अजून वाढतोय.

भाषेचं म्हणाल तर फॉर्म कुठल्या भाषेत करायचा यावर आमच्याकडे तीन बैठका झाल्या. सत्तरीतल्या सेविका बोलतात कोकणी आणि सराईतपणे वाचतात मराठी. सासष्टीत बऱ्याच जणींना कोकणी रोमी, म्हणजे रोमन लिपीतच वाचता येते. कार्यालयाला सगळं इंग्रजीत हवं असतं. गोव्यात भाषेचा विषय चारचौघांत काढू नये म्हणतात, ॲपमध्ये मात्र काढावाच लागतो. शेवटी तिन्ही ठेवल्या.

आणि पाऊस. चोर्ला घाटाच्या माथ्यावर सुर्ला आहे, तिथल्या एका सेविकेकडे मी जुलैमध्ये गेलो होतो. ॲप ऑफलाइन चालतं, वळणावर नेटवर्क आलं की माहिती आपोआप वर जाते, हे सगळं मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. तिने दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेला फोन काढला, छत्री मानेत धरली, ओल्या बोटाने बटण दाबायला गेली. दाबलं जाईना. पदराला पुसलं, पुन्हा दाबलं, भलतंच दाबलं गेलं. ‘बाब, तुजें हें ॲप पावसांत चलना,’ एवढंच म्हणाली, आणि कंबरेची वही काढून पेन्सिलने लिहायला लागली. परत येऊन मी बत्तीस प्रश्नांचे चौदा केले आणि बटणं अंगठ्याएवढी. ती चौदा करताना कार्यालयात जी भांडणं झाली ती पुढची दोन वर्षं पुरली. प्रत्येक प्रश्नाला कोणी ना कोणी देणारा चिकटलेला होता.

हे वाचून हात शिवशिवत असतील तर तुम्ही या कामाच्या. हे सगळं वाचून ‘पण यात आर्किटेक्चर कुठे आहे?’ असं वाटलं तर तेही प्रामाणिक उत्तर आहे, त्यात लाज काही नाही.

तयार साधनं भरपूर आहेत. सर्वेक्षणाला ओडीके आणि कोबो टूलबॉक्स, आरोग्याच्या नोंदींना डीएचआयएस-२, क्षेत्रातल्या कामासाठी आपल्याकडेच बनलेलं अवनी, व्हॉट्सॲपवरून संवादाला ग्लिफिक, हिशेब आणि कारभाराला मुंबईच्या फ्रापेचं ईआरपीनेक्स्ट. गुगल पात्र संस्थांना ईमेल-ड्राइव्ह फुकट देतं, मायक्रोसॉफ्ट बिझनेस बेसिकचे ३०० पर्यंत परवाने देतं. याचा एक दुष्परिणाम असा की संस्थेला सगळंच फुकट मिळायची सवय लागते आणि हळूहळू आयटीवालाही त्याच यादीत जाऊन बसतो.

परतीच्या वाटेबद्दल. तुमची खरी भीती ती आहे आणि ती रास्त आहे. संस्थेत तुमचा कोड कोणी तपासणार नाही. वरचा माणूस नाही, बरोबरीचा नाही, चूक दाखवणारं कोणी नाही. दोन वर्षांत हात जड होतात, हे मी स्वतःवरून सांगतो. मी एका मित्राच्या कंपनीत सहज म्हणून मुलाखत दिली होती, पाचव्या मिनिटाला घाम फुटला. यावर मला सापडलेला उपाय एकच. वर लिहिलेली बहुतेक साधनं मुक्तस्रोत आहेत, म्हणजे त्यांचा कोड कोणालाही बघता आणि सुधारता येतो. तुम्ही संस्थेसाठी जे दुरुस्त कराल ते त्या मूळ प्रकल्पाला परत द्या. तिथे तुमचा कोड देशोदेशीचे लोक वाचतात आणि निर्दयपणे परत पाठवतात. संस्थेत जो वरिष्ठ नाही, तो तिथे मिळतो. शिवाय उद्या हिंजवडीत कोणी विचारलं की तीन वर्षं काय केलंत, तर दाखवायला काही असतं. ‘आयटी ऑफिसर’ या हुद्द्यावर मात्र कोणी तुम्हाला परत घेणार नाही. तो शब्द ऐकला की लोकांना चिमटा आणि प्रिंटर दिसतो. रुजू होण्याआधी हुद्दा बदलून मागा, ‘माहिती प्रणाली आणि कार्यक्रम’ असं काहीतरी. यात पैसे जात नाहीत म्हणून संस्था पटकन देतात, आणि वर सांगितलेल्या खात्याच्या भानगडीतही तो उपयोगी पडतो.

वरिष्ठ कोण हेही विचारा. हिशेब विभागाखाली असाल तर तुम्ही खर्च आहात. कार्यक्रम विभागाखाली किंवा थेट संचालकांखाली असाल तर तुम्ही काम आहात. संगाथसारख्या संस्थेचं उदाहरण घ्या. १९९६ पासून गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करते, डॉक्टर नसलेल्या साध्या समुपदेशकांकडून उपचार करता येतात का याची गोव्यातल्या आरोग्य केंद्रांत चाचणी घेतली आणि ती २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. अशा ठिकाणी माहिती सांभाळणं हेच काम असतं, माहिती बिघडली तर हाती काहीच उरत नाही. तुमची पर्वरीची संस्था त्या जातीची आहे की तिला फक्त वेबसाइट हलती ठेवायला कोणीतरी हवंय, हे तुम्हाला मुलाखतीच्या पहिल्या दहा मिनिटांत कळेल. ‘आमच्याकडे लाभार्थ्यांची यादी कुठे आणि कशी ठेवता?’ असं विचारा आणि गप्प बसा.

त्याच ओघात व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा विषय काढा. २०२३ चा कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेले नियम संस्थांनाही आहेत, त्यांतली मुख्य बंधनं अमलात येण्याची तारीख मे २०२७ ची. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि दंडाची कमाल मर्यादा २५० कोटींपर्यंत आहे. मुलांची नावं, आजार, घरचा पत्ता असलेली एक्सेल फाइल व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरणं हे संस्थांमध्ये रोजचं. हे थांबवायचं काम तुमच्याकडे येणार आहे, तेव्हा ते नेमणुकीतच लिहून घ्या. अधिकाराशिवाय हे काम अंगावर घेतलंत तर तुम्ही ‘नाही’ म्हणणारी खडूस बाई ठराल, बाकी काही होणार नाही.

मग जायचं की नाही? तुमच्या पत्रावरून मला वाटतं, जा. पण ४२ वर लगेच हो म्हणू नका. ४८ मागा, पद दोन प्रकल्पांत वाटून मागा, हुद्दा बदलून मागा, पीएफसह पगारी नोकरी मागा. यांतलं पहिलं नाही मिळालं तरी चालेल, बाकीचे तीन मिळाले नाहीत तर पुण्यातच राहा आणि शनिवारी दोन तास त्यांना फुकट मदत करा. दोघांचंही भलं होईल. मामांना सांगा, प्रिंटरला टोनर घालायला मी शिकवीन.

एक राहिलं, आणि ते आधी सांगायला हवं होतं. तुमच्या कंपनीची नोटीस ९० दिवसांची आहे. राजीनामा देण्याआधी संस्थेला विचारा की या पदाच्या ग्रँटचा करार सही होऊन हातात आलाय का. ‘जवळजवळ आलीच आहे’ याचा अर्थ आलेली नाही. माझ्याच एका जुन्या सहकाऱ्याने ‘जवळजवळ’वर विश्वास ठेवून बेंगळुरूची नोकरी सोडली, चवथीला घरी आला, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधली, मोदक खाल्ले. ग्रँट फेब्रुवारीत आली.